लेव्हल पाईपनं आखलेला पूर

आमच्या गल्लीतल्या घरांत पुराचं पाणी शिरलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पाणी आलं होतं, पण ते वरच्या पायरीला लागून उभं राहिलं, दोन दिवस तिथंच रेंगाळलं आणि आल्या वाटेनं उतरलं. खालच्या आळीतली माणसं माळ्यावर चढून बसली होती, म्हशी हायस्कूलच्या मैदानात नेऊन बांधाव्या लागल्या होत्या आणि नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला होता. त्यात आमचाही ऊस गेला. घर मात्र कोरडं राहिलं. कृष्णाकाठच्या माणसानं अशा वेळी देवापुढं नारळ फोडावा. आम्ही फोडलाही, पण चार दिवसांतच कोरड्या घराची आम्हाला काळजी वाटायला लागली.

त्याचं कारण एक बातमी होती. ज्यांच्या भिंतीवर पाण्याची खूण असेल त्यांचंच नाव पंचनाम्यात येणार, असं गावात कुणीतरी म्हणालं. तलाठ्यानं असं काही सांगितलं नव्हतं, ग्रामसेवकानं सांगितलं नव्हतं आणि पंचायतीच्या फलकावरही काही लागलं नव्हतं. तेवढ्यामुळंच ती बातमी आम्हाला पक्की वाटली. जे फलकावर लागतं ते आपल्यासाठी नसतं, अशी आमची समजूत होती आणि ती तशी होण्यात माझा वाटा मोठा होता.

मी साखर कारखान्याच्या शेतकी गट कार्यालयात बावीस वर्षं ऊसनोंदीचं काम केलं. बांधावर जाऊन ऊस बघायचा, क्षेत्र लिहायचं, लागण कोणती ते लिहायचं, असं ते काम. पहिली दोन वर्षं मी बांधावर गेलो. नंतर चहाच्या टपरीवर बसूनच नोंदी व्हायला लागल्या. शेतकऱ्यानं तोंडानं सांगायचं, मी मान हलवायची आणि लिहायचं त्याच्या पाऊणपट, कारण तो वाढवूनच सांगणार हे मला ठाऊक होतं. मी पाऊणपट लिहिणार हे त्यालाही ठाऊक असायचं, म्हणून तो आणखी वाढवून सांगायचा. अशी बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा सरकारी कागदावर विश्वास कसा बसावा? धरणातून पाणी कमी सोडणार असा मोबाईलवर संदेश आला, की मी धान्याची पोती माळ्यावर चढवायला घ्यायचो. हवामान खात्यानं उघडीप सांगितली की बायको वाळवण आत घेते, असं मी चारचौघांत हसत सांगत असे. तिला ते आवडायचं नाही, कारण वाळवण मीच आत घ्यायचो.

तर पंचनाम्याला तलाठी यायच्या आदल्या दुपारी आमची गल्ली कामाला लागली. खालच्या आळीतून बादल्या भरून पुराचा गाळ आणला, तो पातळ केला आणि चुना द्यायच्या घायपाताच्या कुंच्यानं भिंतीवर मारायला घेतला. एक जण छातीएवढं मारू म्हणत होता. दुसरा म्हणाला, गुडघ्याएवढं पुरे. शेवटी कंबर ठरली. पण आमच्या गल्लीत एक गवंडी राहतो. तो इतका वेळ तंबाखू मळत गप्प बसला होता. तो म्हणाला, "आरं गड्यांनो, कुणाचं जोतं वर हाय, कुणाचं खाली. परत्येकानं आपापली कंबर धरली तर पाणी काय पायऱ्या चढत आलं व्हतं का? तलाठी आंधळा हाय व्हय?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तो घरी गेला आणि लेव्हल पाईप घेऊन आला. लेव्हल पाईप म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी. तिच्यात पाणी भरून एक टोक इथं आणि दुसरं तिथं धरलं, की दोन्हीकडचं पाणी एका उंचीला थांबतं. जोत्याची पातळी गवंडी तिच्यावरच काढतात. आमच्या घरातली कंबर प्रमाण मानली. मी आमच्या दाराशी एक टोक धरलं, गवंडी दुसरं टोक घेऊन शेजारच्या घरात शिरला, तिथून पुढच्या. तास-दीड तासात गल्लीतल्या अकरा घरांवर एकाच पातळीत पूर येऊन गेला. कुणाच्या घरात तो मांडीला लागला, कुणाच्या घरात बरगडीला. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आवं, घर बांधताना तरी एवढ्या नेमानं नळी लावली व्हती का?"

तलाठी आला. त्यानं बघितलं, फोटो काढला आणि पुढच्या घरात गेला. यादीत अकराही घरांची नावं आली. खोटं का लिहू, मला तेव्हा लाज वाटली नाही. ऊस तर खराच गेला होता. आणि आमचं काम इतकं सफाईदार झालं होतं की थोडा अभिमानच वाटला. पुढं पंचायतीनं पाण्याची उंची ऑइल पेंटनं कायमची रंगवून ठेवायला सांगितली. तेव्हा खरी जागा पायरीवर होती, फोटोतली कमरेवर. आम्ही फोटोला धरून रंगवलं. लाल पट्टा, त्याखाली बाण.

त्याच पावसात तिकडं वर, सातारा जिल्ह्यातल्या डोंगरात, माझ्या थोरल्या बहिणीचं घर गेलं. तिला आम्ही आक्का म्हणतो. तिच्या गावावरच्या डोंगराची एक कड सुटून खाली आली. ती आणि मेव्हणे आधीच शाळेत जाऊन बसले होते म्हणून वाचले. घराच्या जागी चिखल आणि मोठमोठे दगड उरले. त्यानंतर दोन वर्षं ती पत्र्याच्या निवारा शेडमध्ये राहिली. मी फोन केला की पुनर्वसनाचं काय म्हणून विचारायचो. ती सांगायची, "सायेब येऊन गेल्यात. जागा बघितलीया. देतील." मी म्हणायचो, "आक्का, देतील म्हणून बसू नकोस." ती म्हणायची, "आता सांगितलंय त्यांनी, तर देतीलच की रं." तिचा हा स्वभाव लहानपणापासूनचा. कुणी काही सांगितलं की ते तसंच असणार, असं ती धरून चालते. आमच्या घरात संशय सगळा माझ्या वाट्याला आला आणि विश्वास सगळा तिच्या.

आणि त्यांनी दिलंही. घर मिळालं. फक्त मूळ घर तिच्या दिराच्या नावावर होतं, म्हणून नवंही त्याच्या नावावर झालं. तोवर मेव्हणे वारले होते. मूल नव्हतं. दिरानं जा म्हटलं नाही, पण राहा असंही म्हटलं नाही. मग एक दिवस आक्का एक पत्र्याची पेटी आणि दोन शेळ्या घेऊन टेम्पोतून आमच्या दारात उतरली.

तिला आमच्याकडं काही कमी नव्हतं. माझी बायको आणि ती, दोघींचं सूत चांगलं जमलं. पण महिनाभरात तिनं मला सरळ सांगितलं, "मला दोन खोल्या पायजेत. दाराला माझी कडी. भावाचं घर चांगलंच हाय, पर ते भावाचं." आमच्या घरामागं वडिलांच्या वेळची दोन गुंठे मोकळी जागा आहे, उंचवट्यावर, आमच्या जोत्यापेक्षा हातभर वर. ती तिला द्यायची असं वडील तोंडी सांगून गेले होते. वडिलांच्या मागं तिनं हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी तिला म्हणालो होतो, वाटण्यांचा घोळ नको म्हणून सगळं माझ्या नावावर करून घेऊ, तुझी जागा तुझीच. तिनं कागद न वाचता सही केली होती. जागा तिच्या नावावर करायचं माझ्याकडून राहून गेलं. आज करू, उद्या करू असं चाललं होतं. माझ्या मनात पाप नव्हतं, एवढंच मी सांगू शकतो. पण आता ते कुणाला पटवून द्यायची सोय राहिलेली नाही.

घरकुलासाठी तिचा अर्ज मी भरून दिला, माझं संमतीपत्र जोडलं. आणि त्याच हिवाळ्यात मोजणीची माणसं गावात आली.

एक तरुण इंजिनिअर होता. डोक्याला टोपी, गळ्यात ओळखपत्र, सोबत तिपाईवरचं यंत्र आणि पट्टी धरणारी दोन माणसं. तो घरोघर फिरून विचारत होता की पाणी कुठवर आलं होतं. आमच्या दारात आला तेव्हा मी त्याला आधी बसवलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, "हे कशासाठी चाललंय?"

तो म्हणाला, "काका, नदीची पूररेषा आखायची आहे. निळ्या रेषेच्या आत पुढं नवीन बांधकामाला परवानगी मिळणार नाही. म्हणून पाणी खरं कुठपर्यंत आलं होतं तेवढंच दाखवा. जास्त नको, कमी नको."

इतकं स्वच्छ सांगितलं त्यानं. आणि म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्या नुकसानीची गोष्ट सरकारी माणूस कधी आपण होऊन सांगतो का? बावीस वर्षांत मी कुणा शेतकऱ्याला सांगितलं नव्हतं की मी तुझा ऊस पाऊणपट लिहितोय. म्हणजे याचं खरं काम वेगळं असणार. मी मनात हिशेब मांडला तो असा: यांना मागच्या पंचनाम्याबद्दल शंका आली आहे. कोणी खोट्या खुणा दाखवल्या ते बघायला हा पोरगा पाठवलाय. पूररेषेची भीती घातली की माणसं घाबरून खरी, खालची खूण दाखवतील आणि पकडली जातील. मला हा डाव ओळखता आला याचं मोठं समाधान वाटलं. त्याला यंत्र लावायला वेळ लागत होता, तेवढ्यात मी मागच्या दारानं जाऊन चार घरांत निरोप दिला की पट्ट्यावरच बोट ठेवा, हलू नका.

मी लाल पट्ट्यावर बोट ठेवून उभा राहिलो. त्यानं फोटो काढला. मग म्हणाला, "घरातलं आणखी कुणी सांगू शकेल का? साक्षीदार म्हणून सही लागेल." बायको भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "माझं हात पिठाचं हायेत." ती शहाणी बाई आहे. मी आक्काला हाक मारली.

आक्का बाहेर आली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मी तर तवा हितं नव्हते रं."

"आक्का, सही कर," मी म्हणालो. "पुढचं मी बघतो."

ती सातवी शिकलेली आहे. सही करताना पूर्ण नाव लिहिते, एकेक अक्षर दाबून. तिची सही होईपर्यंत इंजिनिअर दारातून गल्लीकडं बघत होता. तो म्हणाला, "खरं सांगू काका? गावात लोक काहीही दाखवतात. एका भिंतीवर एवढं, शेजारच्या भिंतीवर तेवढं. तुमच्या गल्लीतल्या खुणा मात्र अकराच्या अकरा एका पातळीत जुळतात. विश्वास ठेवण्यासारख्या याच आहेत." तो गेल्यावर गवंडी आणि मी ओट्यावर बसून पोट धरून हसलो.

पुढं घरकुल मंजूर झालं. उन्हाळ्यात आक्कानं मागच्या जागेत चुन्याची फक्की टाकून दोन खोल्यांचा आराखडा काढला. स्वतः पावलांनी मोजला. इथं चूल, इथं शेळ्या, इथं खिडकी, असं ती माझ्या बायकोला दाखवत फिरायची. खिडकी कुठल्या बाजूला हवी यावर दोघींचे आठ दिवस वाद चालले. पायासाठी चर खणायला सुरुवात झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी पंचायतीचा कारकून सायकलवरून आला आणि काम थांबवा म्हणाला. नकाशा आला होता.

मी पंचायतीत जाऊन नकाशा बघितला. भिंतीवर चिकटवला होता. नदीच्या अंगानं निळी रेषा चालली होती आणि आमच्या गल्लीपाशी आल्यावर ती फुगली होती, आमच्या घरांना आणि मागच्या जागेला पोटात घेऊन पुढं गेली होती. आमच्याहून खाली असलेला एक मोकळा प्लॉट मात्र रेषेच्या बाहेर राहिला होता, निदान मला तरी तसं दिसलं. माझं डोकंच फिरलं. तो प्लॉट कुणाचा, त्याचा मेहुणा कुठं नोकरीला, त्याच्या लग्नाला कोण कोण आलं होतं, हे सगळं मी आठवडाभर गावात ज्याला त्याला सांगत सुटलो. नकाशात कुठं कुणाचा हात फिरलाय ते मला कसं दिसलं, हेही सांगितलं. एका संध्याकाळी जेवताना मी पुन्हा तेच सुरू केलं तेव्हा बायको म्हणाली, "आवं, ती रेघ तुमीच मारलीया. नळी धरून."

आक्का समोर जेवत होती. तिला नळीची गोष्ट ठाऊक नव्हती. तिनं विचारलं, "कसली नळी?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. मग मला सगळं सांगावं लागलं. आक्का ऐकत राहिली. ताटातलं संपवून तिनं हात धुतला आणि एवढंच म्हणाली, "मग आता जाऊन खरं सांगू या की."

तिला वाटत होतं की खरं सांगितलं की झालं. मलाही त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं. नकाशावर हरकती घ्यायची मुदत होती. मी हरकत लिहिली. पंचनाम्यातलं नाव आता कापलं जाईल, वर चौकशी लागेल, ही भीती होतीच, पण लिहिली. आयुष्यात सरकारला मी लिहून दिलेला तो पहिला सगळाच्या सगळा खरा कागद असेल. सुनावणीची तारीख आली तेव्हा आक्का आणि मी एसटीनं तालुक्याला गेलो. तिनं लग्नाकार्याचं लुगडं नेसलं होतं. वाटेत ती दोन-तीनदा म्हणाली, "बाई हाय म्हणत्यात सायेब. समजून घेईल ती."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई खरंच सौम्य होत्या. टेबलावर फायलींचे दोन ढीग, बाहेर बाकावर माणसांची रांग. बाईंनी खुर्ची दाखवली, तरी मी उभा राहूनच सांगितलं की पाणी आमच्या पायरीपर्यंतच आलं होतं, भिंतीवरचा पट्टा खोटा आहे, तो आम्ही लेव्हल पाईपनं काढला. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"सकाळपासून हेच ऐकतेय मी," त्या म्हणाल्या. "मदत वाटायची होती तेव्हा पाणी सगळ्यांच्या कमरेला लागलेलं. आता रेषा आली, तर सगळ्यांच्या पायरीपर्यंतच. तुम्हीच सांगा, मी कुठल्या वेळचं धरू?"

"आताचं धरा," मी म्हणालो. "आताचं खरं आहे."

"तेव्हाही असंच म्हणाला असाल."

मी म्हणालोच होतो. त्यांनी फाईल उघडून माझ्यापुढं सरकवली. फोटोत मी लाल पट्ट्यावर बोट ठेवून ताठ उभा होतो. खाली साक्षीदाराची सही होती, पूर्ण नाव, एकेक अक्षर दाबून लिहिलेलं. "या कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझी बहीण. आक्का माझ्या शेजारीच उभी होती. बाई तिच्याकडं वळल्या. "मावशी, पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही स्वतः बघितलं होतं का?"

मी आक्काकडं बघितलं नाही. तिनंही कधी नव्हे ते माझ्याकडं न बघता उत्तर दिलं. "न्हाई. मी तवा सासरी व्हते, डोंगरात. ह्यानं सही कर म्हटलं, म्हणून केली."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग जरा थांबून त्या म्हणाल्या की रेषा केवळ आमच्या खुणांवर पडत नाही, नदीचं पाणी, तळ, काठ असं बरंच गणित त्यात असतं. खुणा नसत्या तरी ती कुठं पडली असती ते त्यांना सांगता येणार नाही. आणि ज्या माणसानं एकदा असं आणि एकदा तसं सांगितलंय त्याच्या शब्दावर रेषा हलवताही येणार नाही. नोंद घेतली आहे, निर्णय कळवू, असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं. त्या बाईंवर मला रागावता येईना. टपरीवर बसून मी वीस वर्षं हेच केलं होतं, फक्त समोरच्याला बसायला खुर्ची दिली नव्हती.

बाहेर आलो. एसटीला तासभर अवकाश होता. स्टँडच्या कँटीनमध्ये चहा घेतला. आक्कानं बशीत ओतलेला चहा तसाच राहिला होता. ती म्हणाली, "एक इचारू?"

"विचार की."

"तो टोपीवाला इंजिनिअर आला व्हता, त्यानं तुला सांगितलं व्हतं का, रेषेच्या आत घर बांधता येणार न्हाई म्हणून?"

"सांगितलं होतं."

"सही करायच्या आदी?"

"आधी."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

मी म्हणालो की माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. मला वाटलं, त्याच्या मनात काहीतरी वेगळं आहे.

"तुझा न्हाई बसला," ती म्हणाली. "माझा बसला असता."

 शेजारच्या टेबलावर दोघं ऊसतोडीच्या टोळीबद्दल बोलत होते, ते मी उगीच ऐकत राहिलो. मग आक्काच बोलली. तिनं आवाज चढवला नाही. "हक्कसोडीवर सही केली, तवा तू म्हणालास, तुझी जागा तुझीच. मग ती नावावर व्हायची ऱ्हायली. मग मोजणीवालं आलं, तवा तू सही कर म्हणालास. आता त्या जागेत घर व्हत न्हाई. म्हंजे ती तुझ्याच परड्यात ऱ्हायली." ती थांबली. "मी काय म्हणत न्हाई. नुसतं वळीनं लावून बघितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, आक्का, तू माझ्यावर असा संशय घेतेस? आवाज इतका चढला की ऊसतोडीवाले आमच्याकडं बघायला लागले. आक्का बशीतल्या चहाकडं बघत राहिली. आणि मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. कागद, सह्या, राहून गेलेलं काम, मागच्या दारानं दिलेले निरोप, हे सगळं मीही असंच ओळीनं लावलं असतं आणि तिच्याहून पुष्कळ लवकर लावलं असतं. एवढ्या पुराव्यावर मी गावातल्या निम्म्या माणसांना चोर ठरवलं आहे. परतीच्या वाटेवर आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मला फार एकटं वाटत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी वकिलाकडून बक्षीसपत्राचा मसुदा करून आणला. दोन गुंठे जागा आक्काच्या नावावर, कसलीही अट नाही. हे दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. आता त्या जागेत शेळ्या बांधण्यापलीकडं काही होणार नाही आणि अशा जागेचं बक्षीस देताना माणसाला कसलीच उदारता दाखवता येत नाही, हे मला कळत होतं. हरकतीचा निर्णय अजून आलेला नव्हता, अजूनही आलेला नाही. तरी मी कागद घेऊन तिच्यापुढं बसलो. ती शेळीला पाला घालत होती. तिच्या सहीची जागा मी बोटानं दाखवली आणि पेन पुढं केलं. आजवर एवढं पुरत असे.

तिनं पदराला हात पुसले, कागद घेतला, उलटून मागची बाजू बघितली आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "शाळेतल्या बाईंकडनं वाचून घेते. मग करते सही."

मी येऊ का बरोबर, म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. चपला घालून, कागद हातात धरून ती एकटीच शाळेच्या वाटेला लागली.